विकलेली गाडी वेबसाईटवर दिसतेच आहे?

सांगली-मिरज रस्त्यावरच्या सेकंड हँड गाड्यांच्या व्यवसायात हा रोजचा ताप. गाडी सकाळी विकली जाते, सर्चमध्ये मात्र तशीच दिसते आणि गिऱ्हाईक तासगावहून हेलपाटा मारून येतं.

१. गाड्यांची पूर्ण यादी रात्री अडीचला अपडेट होईल असा क्रॉन जॉब (सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा. सर्व्हर बहुधा यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर चालतो, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणून तिथे आदल्या दिवशीचे २१:०० टाका. क्रॉनमध्ये आधी मिनिटं, मग तास.

२. दिवसा दर तासाला फक्त 'विकली' आणि 'किंमत बदलली' एवढंच पाठवा. गिऱ्हाईक चिडतं ते याच दोन गोष्टींवरून.

३. गाडी नंबरवरूनच ओळखा, पण आधी मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढून टाका. नाहीतर 'एमएच १०' आणि 'एमएच-१०' अशी एकच गाडी दोनदा दिसते. साताऱ्याच्या ११ चंही तेच.

सांभाळा: जुनी यादी पुसून नवी भरू नका. नवी डेटाबेसच्या वेगळ्या टेबलमध्ये घ्या आणि मग जुनीच्या जागी आणा; गाड्यांची संख्या अचानक निम्म्यावर आली असेल तर अदलाबदल थांबवा. रात्री नेट गेलं की फाईल अर्धवट येते, आणि सकाळी अख्खं दुकान रिकामं दिसतं.