तालुक्यातला जुना कागद शोधायचा कसा आणि मागायचा कसा

तहसीलमध्ये जाऊन ‘आजोबांच्या जमिनीचे जुने कागद द्या’ म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘सापडत नाहीत.’ यात प्रत्येक वेळी टाळाटाळच असते असं नाही. अभिलेख कक्षात कागद माणसाच्या नावाने लावलेले नसतात. ते गाव, नमुना, वर्ष आणि क्रमांक यांप्रमाणे बांधलेले असतात. या चार गोष्टी हातात नसतील तर मन लावून शोधणाऱ्या कर्मचाऱ्यालाही गठ्ठा काढता येत नाही. त्यामुळे अर्ज लिहिण्याआधी जो गृहपाठ होतो, खरं काम तिथेच होतं.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करा. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. त्यातला गाव नमुना सात नीट पाहा. खातेदाराच्या नावाशेजारी कंसात एक आकडा असतो, तो त्या नावाला कारण ठरलेल्या फेरफाराचा, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा क्रमांक. खाली ‘जुने फेरफार क्र.’ अशी ओळ असते आणि तिच्यात त्या गटाचे मागचे फेरफार क्रमांक दिलेले असतात. हे सगळे आकडे कागदावर उतरवून घ्या. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर हाच क्रमांक वर्तुळात लिहिलेला दिसेल. ज्याचा हक्क संपला त्याच्या नावाला कंस केलेला असतो, आणि त्याच्याजवळच्या वर्तुळातला आकडा तो हक्क का संपला हे सांगतो.

आता गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. तिचे चार रकाने असतात: अनुक्रमांक, हक्काचं स्वरूप, कोणत्या सर्व्हे किंवा गट नंबरांवर परिणाम झाला, आणि तपासणी अधिकाऱ्याची सही व शेरा. बहुतेक जण दुसरा रकाना वाचून थांबतात. निकाल चौथ्या रकान्यात असतो. दुसऱ्यात ‘खरेदीने नाव दाखल’ असं असलं तरी चौथ्यात ‘रद्द’ असेल तर त्या नोंदीला अर्थ नाही. नक्कल घेताना चौथा रकाना पूर्ण आणि वाचता येईल असा आला आहे ना, हे काउंटरवरच पाहा. झेरॉक्समध्ये उजवी कड हमखास कापली जाते.

एका फेरफारातून मागचा फेरफार कळतो, त्यातून त्याच्या मागचा. असं मागे जाताना एखाद्या ठिकाणी धागा तुटतो. हस्तलिखित काळात सातबाऱ्याच्या वह्या साधारण दहा वर्षांनी नव्याने लिहिल्या जायच्या. या पुनर्लेखनात एखादं नाव गळलं, ‘इतर हक्का’तला शेरा सुटला किंवा क्षेत्राचा आकडा बदलला, असं कितीतरी गटांत झालं आहे. जुन्या वहीत नाव आहे, नव्यात नाही आणि मधे फेरफार कुठलाच नाही, अशी स्थिती दिसली तर दोन्ही वह्यांतल्या त्याच गटाच्या पानांच्या नकला लागोपाठ घ्या. लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 155 खाली अर्ज करताना हीच दोन पानं पुरावा ठरतात.

दुसरा मोठा अडथळा नंबराचा. मुंबई तुकडेबंदी व एकत्रीकरण अधिनियम 1947 खाली जिथे एकत्रीकरण योजना राबवली गेली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट 214 त्याआधीच्या वहीत 214 म्हणून शोधलात तर दुसऱ्याचीच जमीन समोर येईल. जुना आणि नवा नंबर जोडणारा कागद म्हणजे एकत्रीकरणाचा 9(3), 9(4) चा उतारा. तो तालुक्याच्या उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयात मिळतो. आधी तो घ्या, मगच एकत्रीकरणापूर्वीचे कागद मागा. क्षेत्र ताडून पाहताना एकर-गुंठ्यांचं रूपांतर करावं लागतं: 40 गुंठ्यांचा एकर, 100 आरचा हेक्टर, आणि एक एकर म्हणजे साधारण 40.47 आर. पिकांच्या नोंदी महसुली वर्षाने असतात. ते 1 ऑगस्टला सुरू होऊन 31 जुलैला संपतं, म्हणून एप्रिल 1962 ची पीकपाहणी 1961-62 च्या पानावर शोधायची.

कोणता कागद कुठे असतो, हे कळलं की निम्म्या चकरा वाचतात. चालू नोंदी तलाठ्याकडे असतात. पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं असलं तरी गावात अजून तलाठीच म्हणतात. जुने सातबारे, फेरफार, पाहणीपत्रकं आणि कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदामधल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, हे तहसीलच्या अभिलेख कक्षात. मराठवाड्यात खासरा पत्रकाची, म्हणजे तिथल्या जमिनीच्या जुन्या नोंदपत्रकाची चौकशी वेगळी करा. टिपण (मूळ मोजणीचा कच्चा नकाशा), फाळणी (पोटहिश्श्यांच्या मोजणीचा नकाशा), आकारफोड (हिश्श्यांवर वाटलेला जमिनीचा आकार), गुणाकार बुक (क्षेत्राच्या हिशोबाची वही), गटाचा नकाशा आणि मोजणीच्या नकला भूमि अभिलेखकडे. हद्दीचा वाद असेल तर सातबाऱ्यामागे वेळ घालवू नका, सातबाऱ्यात हद्द नसते. टिपण आणि फाळणीच लागते. घराचा उतारा, म्हणजे कर आकारणीचा नमुना आठ, ग्रामसभेचं इतिवृत्त आणि ठराव ग्रामपंचायतीत. जातीच्या किंवा जन्मतारखेच्या पुराव्यासाठी शाळेचं जनरल रजिस्टर शाळेतच असतं, पंचायत समितीत खेपा घालण्याची गरज नाही.

खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र दुय्यम निबंधकांकडे. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 57 प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या दस्तांचं पुस्तक आणि त्याच्या सूची फी भरून कोणीही पाहू शकतो, त्यासाठी नात्याचा पुरावा लागत नाही. फेरफारात ‘रजि. खरेदीखताने’ असं लिहिलेलं असतं, तिथला दस्त क्रमांक आणि तारीख उचला आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे मालमत्तेनुसार लावलेली दस्तांची सूची मागा. मृत्युपत्राचं तसं नाही: ते करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्यालाच किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते.

जिल्हा किंवा तालुका मागाहून झाला असेल तर आणखी एक प्रश्न आधीच विचारून घ्या: विभाजनाआधीचे गठ्ठे इकडे आले आहेत का? हिंगोली जिल्हा 1999 मध्ये परभणीतून झाला, पालघर 2014 मध्ये ठाण्यातून, जालना 1981 मध्ये औरंगाबादेतून. विभाजनाच्या वेळी काही कागद मूळ ठिकाणीच राहिलेले असू शकतात. ‘इथे नाही’ आणि ‘कुठेच नाही’ या दोन उत्तरांत मोठा फरक आहे.

घरबसल्या पाहायचं असेल तर ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर स्कॅन केलेले जुने कागद आहेत. जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि नंबर टाकून शोधा. मिळालं नाही म्हणून कागदच नाही असं समजू नका. स्कॅन करताना पान शेजारच्या नंबरावर चढलेलं असू शकतं. नंबराच्या आगेमागे पाहा, हिश्श्यासह आणि हिश्श्याशिवाय पाहा, 12/1 नाही सापडला तर नुसता 12 टाकून पाहा.

आता मागण्याचा भाग. जमिनीच्या नोंदींसाठी माहिती अधिकारापासून सुरुवात करू नका. नकाशे आणि भूमी अभिलेख पाहायला खुले असतात आणि त्यांच्या नकला मिळतात, हे जमीन महसूल संहितेच्या कलम 327 मध्येच आहे. कोर्ट फी स्टॅम्प लावून नकलेचा साधा अर्ज तहसीलदारांच्या नावे द्या. या मार्गाने शिक्क्याची खरी नक्कल हातात येते, आणि कोर्टात किंवा जात पडताळणीत तीच चालते. अर्जाचा मजकूर असा नेमका असावा: ‘मौजे अमुक, ता. अमुक येथील गट क्र. 214 (जुना स. नं. 87/2) बाबत फेरफार क्र. 412, 655 व 1033 यांच्या चारही रकान्यांसह, तसेच स. नं. 87/2 च्या सन 1955-56 ते 1965-66 या कालावधीतील गाव नमुना सात-बाराच्या खऱ्या नकला मिळाव्यात.’ दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढची सगळी भिस्त त्या प्रतीवर असते.

यातून काम झालं नाही, किंवा नस्तीतली (फाइलमधली) टिपणी, पत्रव्यवहार, ग्रामपंचायतीची बिलं असं काही हवं असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम 2005. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करायचा, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराने दाखला जोडला तर फी नाही. 2012 च्या नियमदुरुस्तीने अर्जाला 150 शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, म्हणून जमीन आणि रस्त्याचं बिल एका अर्जात घालू नका. माहिती कशासाठी हवी हे सांगावं लागत नाही, तरीही बरेच जण पानभर कैफियत लिहितात आणि नेमकी मागणी तिच्यात हरवते. ‘माझं नाव का कमी केलं?’ हा प्रश्न झाला, त्याला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. ‘फेरफार क्र. 655 मंजूर करताना दिलेल्या नोटिसा, जबाब व आदेश यांच्या प्रती’ ही माहिती झाली.

त्याच अर्जात ‘प्रथम नस्तीचे अवलोकन करायचे आहे’ हे वाक्य घालाच. पहिला तास पाहायला फी नाही, आणि प्रती 2 रुपये पान. तीनशे पानांच्या नस्तीतली हवी ती अकरा पानं निवडून घेता येतात. जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहू द्यावेत असा राज्य शासनाचा 2018 चा निर्णय आहे. तो माहीत नसलेली कार्यालयं अजूनही भेटतात, शासन निर्णयाची प्रत सोबत ठेवा. पाहताना पान क्रमांक टिपून घ्या. नस्तीला पान क्रमांक घातलेलेच नसतील तर तसंही लेखी नोंदवा.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो परत करता येत नाही, कलम 6(3) प्रमाणे 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा लागतो. उत्तराची मुदत 30 दिवस. प्रतींचं शुल्क भरण्याचं पत्र आलं की ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात, म्हणून लगेच भरा. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. त्यानंतर 30 दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करायचं, जोडपत्र ‘ब’ मध्ये, 20 रुपयांच्या स्टॅम्पवर. तिथेही निभावलं नाही तर 90 दिवसांत तुमच्या विभागाच्या राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. आयोगाकडे वेळ लागतो, त्यामुळे सगळा जोर पहिल्या अपिलाच्या सुनावणीवर ठेवा. आवक प्रत, क्रमांक आणि कागदाचं नेमकं नाव समोर ठेवलं की बरेच विषय तिथेच मिटतात.

‘नस्ती आढळून येत नाही’ असं लेखी उत्तर आलं तर ते शेवटचं मानू नका. सरकारी कागदांचे वर्ग ठरलेले आहेत: ‘अ’ कायमचा, ‘ब’ 30 वर्षं, ‘क-1’ 10 वर्षं, ‘क’ 5 वर्षं, ‘ड’ 1 वर्ष. पुढच्या अर्जात तीन गोष्टी मागा: ती नस्ती कोणत्या वर्गात होती, अभिलेख कक्षात जमा केल्याच्या यादीतलं पान, आणि नष्ट केली असल्यास नष्ट केलेल्या कागदांच्या नोंदवहीतली नोंद. कायम जपायचा कागद नष्ट झाला म्हणणं कोणत्याही कार्यालयाला जड जातं. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 मध्ये नियमबाह्य नाशासाठी 5 वर्षांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. हे धमकीच्या सुरात लिहू नका, नुसता उल्लेख पुरतो. तोवर दुसऱ्या वाटेने शोध चालू ठेवा. फेरफार फाटला असेल तर त्यामागचं खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे असेल, वाटपाचा हुकूमनामा असेल तर तो दिवाणी न्यायालयाच्या अभिलेखात.

जुना कागद मोडी लिपीत लिहिलेला निघाला तर आधी खरी नक्कल घ्या आणि मगच मोडी वाचकाकडे जा. मोबाइलवरच्या फोटोवरून केलेलं लिप्यंतर कार्यालयात कोणी धरत नाही. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदासाठी उर्दू वाचणारा लागेल. लिप्यंतराच्या प्रत्येक पानावर मूळ नकलेचा पान क्रमांक आणि वाचकाची सही असावी. आकडे तुम्ही स्वतः मूळ पानाशी ताडून घ्या, विशेषतः आणे आणि गुंठे.