सुतारकामाची सुरुवात: आधी धार, मग जोड

छंद म्हणून सुतारकाम शिकणाऱ्याने यंत्रांच्या मागे न लागता करवत, रंधा, पटाशी (लाकूड कोरण्याची सपाट छिन्नी) आणि गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) एवढ्याच हत्यारांवर सुरुवात करावी. मराठवाड्यात बाभूळ सहज मिळते, परंतु ती कठीण असल्याने नवख्याचा हात लवकर थकवते. त्यापेक्षा वखारीतून सागवानाचे उरलेले तुकडे मागून आणावेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओले लाकूड उन्हात टाकल्यास त्याच्या टोकांना तडे जातात, म्हणून ते सावलीत, थरांमध्ये पट्ट्या घालून, हवेशीर रचावे.

खरे कसब धार लावण्यात आहे, आणि नेमका तिथेच बहुतेकांना कंटाळा येतो. पटाशीची सपाट बाजू आधी दगडावर पूर्ण टेकवून घासावी. मग उताराची बाजू सुमारे २५ अंशांवर धरून, सपाट बाजूला धातूची वळलेली बारीक कोर बोटाला जाणवेपर्यंत घासावी आणि ती कोर अलगद काढून टाकावी.

करवत आखलेल्या रेघेवर नव्हे, तर तिच्या टाकाऊ बाजूला चालवावी, कारण पात्याची जाडीही लाकूड खाते. रंधा लाकडाच्या शिरांच्या (तंतूंच्या) दिशेने मारावा. पृष्ठभाग उचकटू लागल्यास फळी फिरवून घ्यावी. चौरंगाचा मोह तूर्त आवरून, दोन पट्ट्यांना निम्म्या जाडीच्या खाचा पाडून त्या एकमेकींत घट्ट बसवण्याचा सराव करावा.