पदवीच्या अंतिम वर्षाची आखणी कशी करावी

अंतिम वर्षाचा आराखडा करायला अभ्यास मंडळ बसते, तेव्हा बहुधा आधी विषयांची यादी पुढे येते आणि उरलेल्या जागेत प्रकल्प बसवला जातो. हा क्रम उलटा करावा. पदवी हाती पडताना विद्यार्थ्याला स्वतःच्या बळावर काय करता आले पाहिजे, हे आधी एका परिच्छेदात लिहून काढावे. ते ज्या कामातून दिसेल ते काम ठरवावे. आणि त्या कामाला पूरक ठरतील तेवढेच विषय त्याभोवती मांडावेत. अमेरिकेतील संशोधन विद्यापीठांविषयीच्या बॉयर आयोगाने १९९८ साली हीच दिशा दाखवली होती: आधीच्या सत्रांत कमावलेली संशोधनाची आणि मांडणीची कौशल्ये पूर्णपणे वापरावी लागतील असा मोठा प्रकल्प शेवटच्या सत्रात असावा, अशी त्याची शिफारस होती.

हे काम प्रबंधच असले पाहिजे असे नाही. यंत्राचा आराखडा, सादरीकरण, क्षेत्रकार्यावर आधारित अहवाल किंवा एखाद्या संस्थेची खरी अडचण सोडवणे, हे सगळे चालते. मात्र कोणत्याही प्रकारात प्रश्न, पद्धत, पुरावा आणि त्यांची चिकित्सा यांची अपेक्षा सारखीच ठेवावी, नाहीतर एक मार्ग सोपा म्हणून ओळखला जातो आणि सगळी गर्दी तिकडेच वळते.

मग तासांचा हिशेब मांडावा. युरोपीय श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत वर्षाला ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम धरले जाते. त्या मापाने १५ श्रेयांकांचा प्रकल्प ३७५ ते ४५० तासांचा होतो, म्हणजे ३० आठवड्यांत विभागला तर आठवड्याला साधारण १२ ते १५ तास. हा आकडा वेळापत्रकाशेजारी ठेवला की प्रत्येक विषयाची साप्ताहिक स्वाध्यायिका आणि मध्यसत्र चाचणी त्यात मावत नाही, हे लगेच दिसते. अशा वेळी एखादा विषय कमी करावा. प्रकल्प विद्यार्थ्याच्या रात्रींवर ढकलणे याला आखणी म्हणता येणार नाही.

सर्वाधिक वेळ वाया जातो तो प्रश्न ठरवताना. ‘समाजमाध्यमांचा तरुणांवर परिणाम’ असा विषय घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला ‘विषय लहान कर’ एवढेच सांगून उपयोग नसतो. कोणते तरुण, कोणता परिणाम, तो कशाने मोजणार आणि किती अवधीत, असे विचारत गेले की तोच विषय ‘वसतिगृहातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा रात्री अकरानंतरचा मोबाइल वापर आणि त्यांनी स्वतः नोंदवलेली झोप’ इथपर्यंत येतो आणि हाताळण्याजोगा होतो. हे काम अंतिम वर्षाच्या आधीच्या सत्रातच, संशोधन पद्धतीच्या छोट्या विषयाला जोडून उरकावे. मुलाखती किंवा प्रश्नावली असेल तर संमतीपत्र आणि नैतिक मान्यता यांनाही तेव्हाच सुरुवात करावी, कारण ही मान्यता देणाऱ्या समित्या विद्यार्थ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे बसत नाहीत.

मार्गदर्शकाचा वेळ हा अध्यापनाचा भार म्हणून कागदावर दाखवावा. दहा विद्यार्थ्यांना दर पंधरवड्याला प्रत्येकी अर्धा तास दिला तरी पाच तास होतात आणि मसुदे वाचण्याचा वेळ त्याहून वेगळा. हा हिशेब न करणाऱ्या विभागांत भेटी आधी अनियमित होतात आणि मग मार्गदर्शन पहिल्या पानावरच्या सहीपुरते उरते.

मूल्यमापनाचे सगळे गुण अंतिम प्रतीवर ठेवू नयेत. प्रस्ताव, कामाची नोंदवही आणि मधला मसुदा यांना थोडे गुण द्यावेत, आणि शेवटी वीस मिनिटांची तोंडी परीक्षा अवश्य ठेवावी. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लेखन करून घेणे सोपे झाल्यापासून तिचे मोल वाढले आहे: ‘हाच नमुना का निवडला?’ आणि ‘हा निष्कर्ष कोणत्या पुराव्याने ढासळेल?’ हे दोनच प्रश्न बहुतेक वेळा पुरतात. गटाचा प्रकल्प असेल तर हे प्रश्न प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावेत. निकष वर्षारंभीच हाती द्यावेत. मार्गदर्शकाशिवाय आणखी एका परीक्षकाने काम स्वतंत्रपणे तपासावे आणि दोघांच्या गुणांत मोठी तफावत आली तर पुढे काय करायचे, हे आधीच लिहून ठेवावे.

प्रकल्प सादर करण्याची तारीख लेखी परीक्षेच्या किमान तीन आठवडे आधीची असावी. ज्याचे काम अपुरे पडेल त्याला कोणता भाग, किती मुदतीत आणि कोणाच्या देखरेखीखाली पुन्हा सादर करता येईल, हेही त्याच वेळापत्रकात छापावे.