पी०४२० आला म्हणून लगेच कन्व्हर्टर बदलू नका

चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०४२० दिसला, की कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपमधला, विषारी धूर साफ करणारा भाग) बदलायचा सल्ला ठरलेलाच. ही पहिली चूक. हा कोड एवढंच सांगतो, की कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर त्याच्या पुढच्या सेन्सरसारखाच झोके खातोय. पुढच्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये खालीवर होतं, मागच्याचं ०.६-०.७ च्या आसपास शांत राहायला हवं. पण सायलेन्सरचा जोड लीक असेल, तर बाहेरची हवा आत खेचली जाते आणि सेन्सर फसतो. जोडाजवळ काजळीचे काळे डाग आहेत का, ते आधी बघा.

कन्व्हर्टर खरा मरतो तो मिसिंगने, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटल्याने. प्लगला ठिणगी देणारी एक कॉइल गेलीय, दिवा लुकलुकतोय, तरी ‘चालतेय ना’ म्हणत लोक सोलापूरहून अडीचशे किलोमीटर पुणे गाठतात. न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरच्या सिरॅमिक जाळीवर जाऊन पेटतं. एरवी ४०० ते ८०० अंशांत काम करणारी जाळी मग वितळून बसते. गाडी रेस घेत नाही, पिकअप मेलेला वाटतो. खात्री करायची तर पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर काटा गेला, तर कन्व्हर्टर चोक झालाय. थंड असताना रबरी हातोडीने हलकं ठोकून खुळखुळ ऐकू आली, तर जाळी फुटलीय. पण प्लग-कॉइल दुरुस्त केल्याशिवाय नवा बसवलात, तर त्याचीही तीच गत.

इंजिन ऑइल खात असेल तर त्यातला फॉस्फरस जाळीवरच्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमच्या थरावर बसतो. हे नुकसान हळूहळू होतं, आणि धुऊन जात नाही. सेन्सरजवळ साधा सिलिकॉन सीलंट वापरू नका. डब्यावर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलाच घ्या.

पीयूसीला थंड गाडी नेणं ही आपली खास सवय. सोलापुरात सात रस्ता ते नवी पेठ एवढ्या अंतरात कन्व्हर्टर नीट तापतही नाही. तो अडीचशे-तीनशे अंशांनंतरच कामाला लागतो. आधी पंधरा मिनिटं होटगी रोडला फिरवून आणा. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल कारला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे.

आणि शेतात गेलात तर गाडी वाळल्या कडब्यावर लावू नका. खालचा कन्व्हर्टर तेव्हा चुलीसारखा तापलेला असतो.