बॅशमध्ये जुनी कमांड परत कशी आणायची

बॅश म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजेच शेल. दिलेल्या कमांड ते लक्षात ठेवतं. दोन-तीन ओळी मागे जायचं असेल तर वरचा बाण पुरतो. त्यापलीकडे बाण बडवत बसू नका, कंट्रोल-आर दाबा आणि कमांडमधला आठवेल तो तुकडा टाइप करा. सुरुवातच आठवायला हवी असं नाही. फाइलच्या नावातली चार अक्षरंही चालतात. हवी ती ओळ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा कंट्रोल-आर. एंटर मारलात की ती तिथल्या तिथे चालते, म्हणून काही बदलायचं असेल तर आधी उजवा बाण दाबून ओळ प्रॉम्प्टवर, म्हणजे टाइप करायच्या जागी घ्या. बेत रद्द करायला कंट्रोल-जी.

घाईत ओळ मागे सुटली तर कंट्रोल-एसने पुढे येता येतं. पण बहुतेक टर्मिनलवर ते दाबलं की स्क्रीन गोठते! मशीन अडकलेलं नसतं. टर्मिनलच्या जुन्या फ्लो कंट्रोलने आउटपुट थांबवलेलं असतं. कंट्रोल-क्यूने सुटतं. कायमचा बंदोबस्त म्हणून .बॅशआरसी फाइलमध्ये (बॅश सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाइल) 'एसटीटीवाय -आयएक्सऑन' ही ओळ टाका.

उद्गारचिन्हाने जुनी कमांड बोलावण्याची कसरत सगळी शिकायची गरज नाही. सुडो (प्रशासकाच्या हक्काने कमांड चालवणारा शब्द) लावायचं राहिलं तर 'सुडो !!' म्हणजे मागची अख्खी कमांड सुडोसकट. '!$' म्हणजे मागच्या कमांडचा शेवटचा शब्द. पण त्यापेक्षा ऑल्ट-टिंब बरं, कारण शब्द डोळ्यांसमोर उमटतो आणि पुन्हा दाबलं की त्याआधीच्या कमांडचा येतो. '!आरएम'सारखं मात्र लिहू नका. आरएमने (ही फाइल पुसणारी कमांड) सुरू होणारी शेवटची कमांड काही न विचारता चालते, आणि ती तुमच्या मनातलीच असेल याचा नेम नाही. अशा उद्गारचिन्हाच्या शब्दाच्या शेवटी ':पी' जोडलं तर कमांड न चालता नुसती छापली जाते. 'शॉप्ट -एस हिस्टव्हेरिफाय' केलंत तर प्रत्येक वेळी ओळ आधी दिसते, एंटर तुमच्या हातात. दुहेरी अवतरणातही उद्गारचिन्हाचा असा अर्थ लागतो. मधेच 'इव्हेंट नॉट फाउंड' आलं तर एकेरी अवतरण वापरा.

कालची कमांड आज गायब? बॅश मुळात ५०० ओळीच ठेवतं. उबुंटू या लिनक्सच्या .बॅशआरसीत हिस्टसाइझ (चालू शेलने लक्षात ठेवायच्या ओळी) १००० आणि हिस्टफाइलसाइझ (फाइलमध्ये ठेवायच्या ओळी) २००० असतं. ते आकडे जागच्या जागी वाढवा. वर नवी ओळ लिहिलीत तर खालची जुनी ओळ तिच्यावर मात करते. दुसरं कारण, दोन टर्मिनल. कमांडचा इतिहास .बॅश_हिस्ट्री फाइलमध्ये जातो तो शेल बंद होताना, आणि हिस्टअपेंड (फाइलच्या शेवटी जोडण्याचं सेटिंग) चालू नसेल तर नंतर बंद झालेलं टर्मिनल आधीच्याचं पुसून टाकतं. प्रॉम्प्ट_कमांड या सेटिंगमध्ये (त्यातलं बॅश प्रत्येक प्रॉम्प्टआधी चालवतं) 'हिस्ट्री -ए' ठेवलंत की प्रत्येक कमांडनंतर नोंद होते, टर्मिनल मधेच मेलं तरी.

पासवर्ड असलेली कमांड नोंदलीच जाऊ नये म्हणून तिच्या आधी एक स्पेस सोडा. त्यासाठी हिस्टकंट्रोल या सेटिंगमध्ये इग्नोरस्पेस किंवा इग्नोरबोथ हवं, उबुंटूवर ते असतंच. नोंद झालीच असेल तर 'हिस्ट्री'ने क्रमांक बघा आणि 'हिस्ट्री -डी'पुढे तो द्या. वरचं 'हिस्ट्री -ए' लावलेलं असेल तर ओळ फाइलमध्येही गेलेली असते; .बॅश_हिस्ट्री एडिटरमध्ये उघडून तिथूनही काढा.