फक्त सी३ दिसलं म्हणून सही करू नका

किडनी बायोप्सीचे रिपोर्ट वाचताना त्याच त्या चुका दिसतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिली, माझ्या विशेष रागातली. इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये (चमकणाऱ्या रंगाने प्रथिनं शोधण्याच्या तपासणीत) सी३ हे रोगप्रतिकार यंत्रणेतलं ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिन झगझगतंय, आयजीजी-आयजीए या अँटिबॉडींचे रंग जवळपास कोरे, की लिहिलं ‘सी३ ग्लोमेरुलोपथी’ (सी३ साचून होणारा किडनीच्या गाळण्यांचा आजार) आणि मोकळे! बाकी सगळ्यांपेक्षा सी३ किमान दोन पायऱ्या ठळक हवं, हा निकष सगळ्यांना पाठ असतो. शोध मात्र तिथून सुरू होतो. पन्नाशी उलटलेल्या एका पेशंटचा असाच पक्का रिपोर्ट आमच्याकडे दुसऱ्या मतासाठी आला. पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला तुकडा) मागवला, काप काढले, प्रोनेझ (झाकलेली प्रथिनं उघडी करणारं एन्झाइम) लावून पुन्हा पाहिलं. आयजीजी लख्ख उजळलं. अँटिबॉडीच्या दोन प्रकारच्या हलक्या साखळ्यांपैकी कप्पा तीन प्लस, लॅम्डा शून्य. मोनोक्लोनल, म्हणजे एकाच रक्तपेशीच्या वंशातून आलेलं, प्रोटीन साचलेलं होतं, गोठवलेल्या कापावर ते झाकलेलं राहिलं होतं. ठरत आलेली औषधं बाजूला ठेवून पेशंट हिमॅटॉलॉजिस्टकडे गेला. पन्नाशीपुढच्या पेशंटमध्ये नुसतं सी३ दिसलं, तर प्रोनेझशिवाय मी सही करत नाही. रिपोर्ट लांबतो म्हणून रेसिडेंट कुरकुरतात. कुरकुरू देत.

दुसरी चूक म्हणजे रक्तातलं सी३ एकदाच मोजून निकाल लावणं. संसर्गानंतरच्या नेफ्रायटिसमध्येही (किडनीच्या दाहातही) ते घसरतं, पण बहुधा सहा-आठ आठवड्यांत सावरतं. तीन महिन्यांनीही खालीच असेल, तर निदान पुन्हा तपासा आणि सी३ नेफ्रायटिक फॅक्टरची (सी३ची खपत वाढवणाऱ्या अँटिबॉडीची) तपासणी पाठवा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत ‘हंप’ (उंचवट्यासारखे साठे) दिसले म्हणून वाद मिटत नाही, ते संसर्गानंतरच्या नेफ्रायटिसमध्ये आणि सी३ ग्लोमेरुलोपथीत, दोन्हीकडे दिसतात. उलट, सी३ नॉर्मल आलं म्हणून सी३ ग्लोमेरुलोपथी बादही होत नाही.

सी४ हे दुसरं कॉम्प्लिमेंट प्रथिनही सोबतच मागवा. दोन्ही कमी असतील तर आधी ल्युपस (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आठवा. सी४ फारच तळाला गेलं असेल तर क्रायोग्लोब्युलिन (थंडीत साकळणाऱ्या अँटिबॉडी). एकटं सी३ कमी असेल तर कॉम्प्लिमेंट सुरू होण्याच्या पर्यायी मार्गावर संशय घ्या.

इम्युनोफ्लुओरेसन्सचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. फॉर्मॅलिनला लागलेला चिमटाही त्याला लावू नका. लांब पाठवायचा तर मिशेल माध्यम (तुकडा टिकवणारं द्रावण).

निबर झालेल्या ग्लोमेरुलसमधलं (किडनीच्या गाळणीतलं) आयजीएम आणि सी३ बहुतेक वेळा नुसतं अडकलेलं असतं, त्यावर निदान रचू नका.

आणि मधुमेहीच्या बायोप्सीत रेषेसारखं आयजीजी दिसलं की अँटी-जीबीएमची (गाळणीच्या पडद्यावर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडीच्या आजाराची) आरोळी ठोकण्याआधी अल्ब्युमिनची स्लाइड बघा. तीही तशीच रेषेत उजळली असेल, तर फोन खाली ठेवा.