वाचलेले पैसे त्याच दिवशी कर्जात भरा
काटकसर करूनही कर्ज हलत नाही, याचे कारण बहुधा असे की वाचलेली रक्कम बचत खात्यात पडून राहते आणि महिनाअखेरीस दुसऱ्याच कशावर तरी खर्च होते. म्हणून किराण्याची यादी डबे उघडून पाहिल्यावरच करावी आणि नेहमीपेक्षा जेवढे कमी लागले तेवढे पैसे, मग ते दोनशे रुपये का असेनात, त्याच दिवशी कर्जाकडे वळवावेत. (चहा बंद करण्याच्या फंदात पडू नये; त्याने फारसे साधत नाही, घरात कुरबुर मात्र वाढते.) पहिला मान क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा, कारण तिच्यावर महिन्याला साडेतीन टक्के किंवा थोडे अधिक, म्हणजे वर्षाला ४२ टक्क्यांच्या आसपास व्याज लागू शकते; बिलावरची 'किमान देय रक्कम' भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज थांबत नाही. त्यानंतर गृहकर्ज. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाच्या मुदतपूर्व परतफेडीवर बँकेला दंड आकारता येत नाही. काही बँका अशा भरण्यासाठी किमान रक्कम ठरवतात, तेव्हा तेवढी जमेपर्यंत पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि भरताना हप्ता तोच ठेवून मुदत कमी करण्याची लेखी विनंती द्यावी.